मुंबईचे कलाकट्टे आणि कॅफे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळा घोडा, दादर, जुहू, वर्सोवा इथल्या गॅलऱ्या, छोटी थिएटरं, इराणी हॉटेलं आणि कॅफे यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्या निघण्याआधी तपासून घ्या.

१. ‘कलाकट्टा’ म्हणजे क्लब का? मेंबर व्हावं लागतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. ज्या जागी चित्रकार, नाटकवाले, कवी, सिनेमावाले काम संपल्यावरही रेंगाळतात आणि आपल्यालाही रेंगाळू देतात, ती जागा म्हणजे कट्टा. तो गॅलरीच्या व्हरांड्यात असेल, शाळेच्या हॉलमध्ये असेल, नाहीतर इराण्याच्या संगमरवरी टेबलाभोवती. पाटी बघून तो ओळखता येत नाही. भिंतीला मुद्दाम विटा उघड्या ठेवल्या, पिवळे दिवे टांगले आणि कोपऱ्यात जुना टाइपरायटर मांडला, तरी वेटर दहा मिनिटांनी बिल आणून ठेवत असेल तर तो कट्टा नाही. सदस्यत्वाची भानगड मुख्यतः फिल्म सोसायट्यांत (प्रश्न ११) आणि डेव्हिड ससून लायब्ररीसारख्या जुन्या वाचनालयांत असते.

२. पहिल्यांदाच जाणार आहे. एका दुपारीत काय काय होईल?

काळा घोडा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. जहांगीर आर्ट गॅलरीपासून सुरुवात करा. ती १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात; आत जायच्या घाईत त्यांना ओलांडून जाऊ नका. मग रॅम्पार्ट रोवर एडोर हाउसच्या पहिल्या मजल्यावर आर्टिस्ट्स सेंटर आहे, जिना चढायचा कंटाळा करून बरेच लोक ते चुकवतात. चौकात पलीकडे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. ती सोमवारी बंद असते आणि तिथे तिकीट आहे. भूक लागली तर रॅम्पार्ट रोवरच १९४६ पासून चालू असलेलं चेतना आहे, थाळीसाठी.

ज्या घोड्यावरून नाव पडलं तो म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ मध्येच राणीच्या बागेत हलवला. सध्या दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. त्याच्यासमोर सेल्फी काढून ‘ब्रिटिशकालीन’ लिहिणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

३. मला चित्रातलं काही कळत नाही. गॅलरीत नुसतं बघायला गेलं तर कुणी हटकेल का?

नाही. जहांगीरमध्ये आणि खाजगी गॅलऱ्यांत प्रवेश फुकट असतो. खाजगी गॅलरीचं काचेचं दार बंद दिसलं तरी ते एसीसाठी असतं; ढकला किंवा बेल वाजवा. टेबलावरच्या मुलीला ‘किंमतींची यादी आहे का’ असं विचारायला लाजू नका, घेणारेच विचारतात असं काही नाही. चित्रकार स्वतः बसलेला असेल, आणि जहांगीरमध्ये तो बहुधा असतोच, तर ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न टाळा. ‘हे कशावर केलंय, किती दिवस लागले’ असं विचारा. माणूस खुलतो. मग अर्थही आपणहून सांगतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

वर्षातून एकदाच जायचं असेल तर जानेवारीतला गॅलरी वीकेंड बघा. जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, फुकट असतो, पण शेवटच्या शनिवार-रविवारी चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात. मधल्या वारी दुपारी जा.

४. समोवार अजून आहे का? आई-बाबा सारखं त्याचं नाव काढतात.

नाही. समोवार कॅफे ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. जहांगीर गॅलरीच्या कडेला, म्युझियमच्या हिरवळीकडे उघडणाऱ्या लांबलचक चिंचोळ्या व्हरांड्यात उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये ते सुरू केलं होतं. आगगाडीच्या डब्यासारखी जागा: एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं, मध्ये टेबलांची रांग. खिमा पराठा, दहीवडा, पुदिन्याचा चहा, आणि ज्यांच्याकडे त्या दिवशी पैसे असत त्यांच्यासाठी बिअर.

त्याची महती खाण्यामुळे झाली असं मला वाटत नाही. प्रदर्शन मांडलेल्या चित्रकाराला दिवसभर गॅलरीत थांबावं लागतं, आणि ग्राहक फिरकला नाही तर बसायचं कुठे? तो व्हरांड्यात यायचा. तिथे हुसेन असायचे, एलफिन्स्टन कॉलेजची मुलं असायची, कोर्टाची तारीख संपवून आलेला वकील असायचा, जेजे कला महाविद्यालयातून दांडी मारून आलेला पोरगा असायचा. नवशिक्याच्या टेबलाला खेटून नावाजलेला माणूस बसलेला, मध्ये जेमतेम हातभर जागा. या हातभर अंतरावर कितीतरी ओळखी झाल्या. जागेचा प्रश्न मात्र बरीच वर्षं चिघळत होता आणि शेवटी व्हरांडा रिकामा झाला. आई-बाबांना तिथे नेणार असाल तर आधी सांगून ठेवा, थेट दारात नेऊन सांगू नका.

५. वेसाइड इन कुठे होतं? अरुण कोलटकर बसायचे ते टेबल बघता येईल का?

हे रेस्टॉरंट रॅम्पार्ट रोवर, ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानाशेजारी होतं. आता दोन्ही नाहीत. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये मिटलं. वेसाइड इनच्या जागी नंतर दुसरी रेस्टॉरंटं आली, त्यामुळे टेबल बघायला जाऊ नका. जागा मात्र जरूर बघा, कारण कोलटकरांना हवं होतं ते खिडकीच्या आत नव्हतंच. दर गुरुवारी दुपारी ते तिथे मित्रांबरोबर बसत आणि खिडकीतून समोरच्या वाहतूक बेटाकडे बघत. फुटपाथवर राहणारी माणसं, कुत्री, इडल्या घेऊन येणारी बाई, तिच्याभोवती जमणारे भुकेले. त्या एका चौकावर त्यांनी इंग्रजीत कवितांचं आख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढलं. वेसाइड इन गेल्यावर गुरुवारची बैठक फोर्टातल्या कॅफे मिलिटरीत सरकली. बाबासाहेब आंबेडकर वेसाइड इनमध्ये बसून लिहीत असत, असंही सांगतात.

६. हे सगळं दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं नाही का? मराठी माणूस यात कुठे होता?

हा प्रश्न रागाने येतो आणि तो राग समजू शकतो. पण नावं बघू. १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप घ्या: सूझा गोव्यातल्या सालिगावचे, गाडे अमरावतीकडचे, बाकरे आयुष्याच्या शेवटी कोकणात मुरूडला येऊन राहिले, आरा एकेकाळी गाड्या धुवायचे, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, रझा मध्य प्रदेशातून आलेले. मलबार हिलचं यात कुणी नाही. पुढे याच वर्तुळात आलेले गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले. पहिली खरेदी आणि पहिली दाद देणाऱ्यांत मात्र लांगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर असे युरोपातून आलेले लोक पुढे होते, म्हणून या चळवळीचा चेहरा विलायती वाटत राहिला.

आणि दुसरं म्हणजे, मराठीतलं बंड कॅफेपेक्षा लघुअनियतकालिकांत, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या मासिकांत, आणि शाळेच्या हॉलमध्ये जास्त झालं. तिथे फोटो काढणारं कुणी नव्हतं. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

७. छबिलदास म्हणजे नक्की काय होतं? आता तिथे नाटक बघायला मिळतं का?

आता नाही. दादर स्टेशनच्या पश्चिमेला छबिलदास हायस्कूल आहे, त्याच्या हॉलमध्ये १९७४ पासून पुढची जवळजवळ दोन दशकं प्रायोगिक नाटकं झाली. रंगायन ही नाट्यसंस्था संपल्यावर अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि इतरांनी १९७१ मध्ये आविष्कार ही संस्था काढली. तिला परवडेल अशी जागा हवी होती. शिवाजी मंदिरचं भाडं भरायचं तर हाउसफुल्ल पाहिजे, हाउसफुल्ल पाहिजे तर तसं नाटक पाहिजे. शाळेच्या हॉलमध्ये ती सक्ती नव्हती. पडेल प्रयोग करायची मुभा होती. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांची नाटकं तिथे झाली, सत्यदेव दुबे तिथे वावरले, इतर भाषांतले आणि बाहेरगावचे गटही आले.

कॅफे? छबिलदासचा कॅफे म्हणजे खालची गल्ली. श्रीकृष्णचा बटाटावडा हातात घेऊन नाटकाची चिरफाड करायची आणि शेवटची गाडी पकडायची. वडा अजून मिळतो. नव्वदच्या दशकात आविष्कारने आपलं बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत हलवलं. आज छोट्या प्रयोगांसाठी कुठे जायचं ते प्रश्न ८ आणि १० मध्ये पाहा.

८. पृथ्वीला नाटकाचं तिकीट न काढता नुसतं कॅफेत बसलं तर चालतं का?

चालतं, निम्मे लोक त्यासाठीच येतात. जुहूचं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ ला जेनिफर आणि शशी कपूर यांनी सुरू केलं. सुमारे दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, त्यामुळे पुढच्या रांगेतल्याला नटाचा घाम दिसतो. बाहेरच्या अंगणात आयरिश कॉफी आणि सुलेमानी चहा घेऊन लोक संहिता वाचत बसलेले असतात, किंवा वाचतोय असं दाखवत.

फक्त एक लक्षात ठेवा. प्रयोग सुरू झाला की दार बंद होतं आणि उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. विलेपार्ल्याहून रिक्षा मिळाली नाही, मेगाब्लॉक होता, मुख्य भूमिका माझ्या भाच्याची आहे, यातलं काहीही चालत नाही. आणि याबद्दल तक्रार करणारे जितके संदेश येतात त्या सगळ्यांना उत्तर एकच: बरोबर आहे त्यांचं.

९. इराणी हॉटेलं यात धरायची का? ती तर साधी हॉटेलं आहेत.

साधी आहेत म्हणूनच धरायची. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, फोर्टातलं मिलिटरी १९३३ चं. कोपऱ्यावरची जागा, उंच छत, पंखा, आणि ब्रून मस्का नि चहावर गप्पा छाटता येतील इतका वेळ. कवी, पत्रकार आणि नोकरी शोधणारे यांना परवडणारी मुंबईतली पहिली बैठक तीच होती. कुलाब्याचं लिओपोल्ड आणि मोंडेगार हेही मूळ याच जातीचे, पण आता पर्यटकांच्या हाती गेलेत. मोंडेगारच्या भिंतींवर गोव्याच्या मारियो मिरांडांची चित्रं आहेत, तेवढ्यासाठी एकदा डोकावा.

दुपारी एक ते अडीच ब्रिटानियात बैठक मारायला जाऊ नका. बाहेर लोक ताटकळत असतात. बेरी पुलाव खा आणि उठा.

१०. आराम नगर, आराम नगर म्हणतात ते काय आहे?

वर्सोव्यातली बैठ्या बंगल्यांची वसाहत. सिनेमाच्या ऑडिशनसाठी येणाऱ्या पोरांची इथे रोज जत्रा असते. गेल्या काही वर्षांत काही बंगल्यांत छोटी थिएटरं, तालमीच्या जागा आणि स्टुडिओ निघाले. हरकत स्टुडिओज त्यातलंच. तिथे नाटकं होतात आणि सोळा मिलिमीटरच्या रिळावर सिनेमेही दाखवतात. पन्नास-साठ माणसांत बसून नाटक बघायचं तर हाच भाग. महालक्ष्मीला गिरणीच्या आवारात जी-फाइव्ह-ए हे छोटं थिएटर आहे, ते जास्त नेटकं आणि सोयीचं.

बंगल्यांचे क्रमांक गोंधळात टाकतात, भाग एक आणि भाग दोन असे दोन आराम नगर आहेत. रिक्षावाल्याला नुसतं ‘आराम नगर’ सांगितलंत तर तो सोडेल तिथून चालावं लागेल.

११. मराठी माणसाने काढलेला फिल्म क्लब आहे का?

प्रभात चित्र मंडळ, १९६८ पासून. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि मंडळ ठरवेल ते सिनेमे बघायचे. सभासदत्व मुळात यासाठी असतं की फिल्म सोसायटीचे खेळ जाहीर प्रदर्शनात मोडत नाहीत. त्यामुळे ‘एकाच सिनेमाचं तिकीट द्या’ म्हणून दारात हटून बसू नका. पाहुणा म्हणून येता येतं का ते त्या त्या खेळाआधी विचारा.

१२. एक कॉफी घेऊन किती वेळ बसलेलं चालतं?

लिहिलेला नियम कुठेच नाही. रिकाम्या दुपारी तीन तास बसलात तरी कुणाचं काही जात नाही. गर्दी झाली की चारजणांचं टेबल एकट्याने अडवू नका, स्वतःहून छोट्या टेबलावर सरका, आणि तासा-दीड तासाने काहीतरी मागवा. लॅपटॉपसाठी प्लग शोधत फिरणारा माणूस मालकाला आवडत नाही. वहीत रेखाटन करणारा आवडतो, कारण त्याच्यामुळे जागेला शोभा येते. अन्याय आहे, पण आहे. इराण्याकडे मात्र गर्दी असेल तर चहा संपला की उठायची तयारी ठेवा.

१३. मुलगी एकटी जाणार आहे, कार्यक्रम रात्री संपतो. काही अडचण?

या जागांत एकटी बाई बसलेली दिसणं नेहमीचं आहे, कुणी वळून बघत नाही. अडचण असते ती परतीची. शेवटच्या लोकल रात्री बारा ते एकच्या दरम्यान सुटतात. त्यामुळे साडेनऊचा प्रयोग वर्सोव्यात असेल आणि घर बदलापूरला, तर हिशेब आधी करा. काळा घोडा रात्री दहानंतर अगदी सामसूम होतो. ऑफिसं बंद, दुकानं बंद. टॅक्सी रीगलच्या चौकात मिळते, आतल्या गल्लीत उभं राहू नका. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो हेही बघून ठेवा.

१४. तिथे दारू मिळते का? वयाची अट काय?

काही कॅफेंकडे परवाना आहे, बऱ्याच जणांकडे नाही. नाट्यगृहांत नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, बाकी मद्यासाठी २५. इतर राज्यांतून किंवा गोव्यातून आलेल्यांना हा २५ चा आकडा खरा वाटत नाही, पण तो खरा आहे. ‘स्वतःची बाटली आणा’ असं एखाद्या खाजगी कार्यक्रमाच्या निमंत्रणात असेल तर जबाबदारी यजमानाची नि तुमचीही.

१५. ओपन माइकमध्ये मराठी कविता वाचली तर लोक ऐकतील का?

ऐकतात. अंधेरी-वांद्र्याच्या ओपन माइकवर हिंदी-इंग्रजीचा वरचष्मा असतो, तरी समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मराठी कळतं. आधी अर्थ समजावून सांगू नका, थेट वाचा. नाव नोंदवताना भाषा सांगा आणि वेळ पाळा. पाच मिनिटं म्हणजे पाच. अकरा कडव्यांचं काव्य घेऊन आलेल्या सद्गृहस्थांमुळे पुढच्या मराठी कवीला आयोजक दोनदा विचारतो. आणखी एक: हल्ली सगळं चित्रित होतं. तुमची कविता व्हिडिओवर नको असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, नंतर काढायला लावणं जिकिरीचं होतं.

१६. मला माझ्या चित्रांचं प्रदर्शन लावायचंय. कुठून सुरुवात करू?

जहांगीरला अर्ज करून ठेवा आणि विसरून जा. निवड होते, मग वर्षानुवर्षे वाट बघावी लागते. तोवर आर्टिस्ट्स सेंटर, वांद्रे रेक्लमेशनला बॉम्बे आर्ट सोसायटीची गॅलरी, किंवा कॅफेची भिंत.

कॅफेची भिंत सोपी वाटते, पण तिथे काही गोष्टी आधी बघाव्या लागतात. दिवसा जा आणि भिंतीला हात लावा. जून ते सप्टेंबर ती ओली असेल तर कागदावरचं काम लावू नका; काचेआड दोन आठवड्यांत बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. एसीचं पाणी कुठे ठिबकतं ते वेटरला विचारा, मालकाला नाही. चित्राखाली खुर्ची असेल तर डोक्याच्या तेलाचा डाग ठरलेला, म्हणून खालची कड जमिनीपासून निदान साडेचार फुटांवर ठेवा. खिळे ठोकू देतात की वरच्या पट्टीवरून दोरी सोडायची, तेही ठरवा. मग कमिशन किती, विकलेलं चित्र लगेच उतरवायचं की मुदत संपेपर्यंत राहणार, फुटलं तर कोण भरणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. ‘अरे आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्याकडून तर सही आधी घ्या.

१७. कॅफेत छोटं नाटक करायचंय, प्रेक्षक तीस. परवानग्या लागतात का?

तिकीट लावून किंवा जाहिरात करून करणार असाल तर लागतात. माणसं तीस आहेत की तीनशे, यावर ते ठरत नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि जाहीर कार्यक्रमासाठी पोलिसांचा परवाना. स्वतःची मुलाखत, वाचन, किस्से याला नाटक म्हणायचं का, यावर आयोजक आणि अधिकारी यांचं एकमत होईलच असं नाही. शंका असेल तर संहिता पाठवाच. रेकॉर्ड केलेलं सिनेमाचं गाणं वाजवणार असाल तर संगीताचा परवाना वेगळा. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, मग प्रयोग कितीही रंगलेला असो. निमंत्रितांसाठी घरगुती वाचन ही वेगळी गोष्ट, पण समाजमाध्यमावर ‘सर्वांनी या’ लिहिलंत की ते निमंत्रितांसाठी उरत नाही.

१८. अशा जागा टिकत का नाहीत?

जागेचं भाडं. बाकी कारणं दुय्यम. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथे हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या तालमी, रविशंकरांची किन्नरा ही संगीतशाळा, असं सगळं एका छताखाली आणि नाममात्र भाड्यात चालायचं. तिच्या जागी आता उंच इमारत आहे. समोवार, छबिलदास, वेसाइड इन यांचंही तेच: जोवर कुणीतरी, ट्रस्टने, शाळेने किंवा मालकाने, बाजारभावाकडे काणाडोळा केला तोवर ती चालली. पृथ्वी टिकलं ते जागेमागे एक कुटुंब आणि ट्रस्ट उभा राहिला म्हणून. नव्या कॅफेने दीडशे रुपयांच्या कॉफीवर वांद्र्याचं भाडं काढायचं म्हटलं की तीन तास बसणारा कवी त्याला परवडत नाही. त्याला लोभी म्हणण्यात अर्थ नाही.

१९. कॅफेत लावलेलं माझं चित्र विकलं गेलं, पण मालक पैसे देत नाही. शिवाय चित्र घेणाऱ्याने त्याचे टी-शर्ट छापलेत. काय करू?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पैशांसाठी प्रश्न १६ मधला कागद असेल तर तो, नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, भिंतीवरच्या चित्राचे फोटो आणि विक्रीचा कुठलाही पुरावा एकत्र करा. आधी लेखी मागणी करा, मुदत द्या, मग वकिलाची नोटीस. रक्कम लहान असली तरी नोटिशीने बरंच काम होतं. दरम्यान उरलेली चित्रं ताबडतोब उतरवून घरी आणा, आणि नेलेल्या चित्रांच्या यादीवर कॅफेतल्या कुणाची तरी सही घ्या.

टी-शर्टचं उत्तर सोपं आहे. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार, लेखी लिहून दिलं नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो. घेणाऱ्याने चित्र भिंतीवर लावावं, पुन्हा विकावं. छापून विकता येत नाही. मात्र चित्र त्याने आधी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं व्यक्तिचित्र असेल तर नियम बदलतो, तिथे करारात काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. याच कायद्यात दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा देण्याची तरतूदही आहे. ती वापरायची तर चित्र कुणाच्या हातात गेलंय हे माहीत हवं, म्हणून पहिल्या विक्रीच्या पावतीवर घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहून घ्या.